आहे त्या स्थितीत

मुरलीधर सर माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी काढत. आधी पाय, मग हात, मग धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या चुण्या, मागचं झाड, भिंत, एखादं कुत्रं, असं सगळं यथासांग व्हायचं आणि मानेच्या वर नुसता मातकट रंगाचा गोळा. तो गोळा कितीतरी दिवस तसाच राहायचा. बघणारा बेचैन व्हायचा. "सर, ह्याला तोंड कधी?" असं कुणी विचारलं की ब्रश चिंधीला पुसत ते म्हणायचे, "आधी तोंड काढलं की बाकीचं अंग त्याची नोकरी करतं. हातापायाला अगोदर बोलून घेऊ द्या. मंग तोंडाला बोलवू."

अंबडच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे रुजू झालो तेव्हा स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्ची त्यांची होती आणि तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. उंच, सडसडीत, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. तुमच्याशी बोलता बोलता ते मध्येच एक डोळा मिटत, हात लांब करत आणि पेन्सिलीने तुमचं माप घेत. नव्या माणसाला वाटे, हा आपल्यावर नेम धरतोय. लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, बसण्या-उठण्याच्या तऱ्हा मात्र पक्क्या राहत. "ते काल आल्ते ना, एका कुल्ल्यावर बसणारे," असं ते एका बड्या अधिकाऱ्याबद्दल हेडमास्तरांच्या देखत म्हणाले होते. हेडमास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बाहेर जाऊन हसून आले. सर स्वतः हसले की आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे.

एका वर्षी स्नेहसंमेलनासाठी त्यांनी मागचा पडदा रंगवला. आठवडी बाजाराचं दृश्य. कांदे, बांगड्या, बैल, पाल ठोकलेली दुकानं, सगळं झकास. पाहुण्यांची जीप फाटकात आली तरी त्या बाजारातल्या एकाही माणसाला तोंड नव्हतं. हेडमास्तर घामाघूम होऊन विंगेत धावले. "अहो सर, पाहुणे आले! आन् ह्या लोकांना तोंडं न्हाईत!" सर शिडीवरून म्हणाले, "सत्कार लांबवा जरा." मग पुढच्या बंद पडद्यासमोर स्वागतगीत, ईशस्तवन, पुन्हा स्वागतगीत आणि मला दिलेला माईक, असं सगळं चाललं आणि मागे सर सपासप तोंडं काढत होते. पडदा उघडला तेव्हा बाजारातला कांदेवाला हुबेहूब आमचे हेडमास्तर निघाले. ते चार दिवस फुरंगटून होते. पाचव्या दिवशी मात्र बायकोला घेऊन आले आणि पडद्यासमोर उभं राहून तिला म्हणाले, "बघ, कांदेवाला झालो तरी रुबाब गेला न्हाई." त्या काळात सरांच्या चित्रात आपण सापडावं असं गावात सगळ्यांनाच वाटायचं. सापडलो म्हणून कोर्टात जाणारा माणूस अजून यायचा होता.

सरांनी लग्न केलं नाही. त्यांची मोठी बहीण गयाबाई, तिला ते आक्का म्हणत. आई लहानपणीच गेल्यामुळे तिनेच त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं. आक्काला कुंभार पिंपळगावात दिलेलं. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नव्हतं, आणि दिराने, साहेबरावाने, तिच्या वाट्याची जमीन बळकावली. "भावजय घरात खाऊन-पिऊन सुखी हे, तिला वाटा कशाला?" असं त्याचं म्हणणं. आक्काने ते ऐकून न घेता अंबडच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. तेव्हा ती चाळिशीची असेल. तारखेच्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.ने यायची, सर अर्ध्या दिवसाची रजा टाकायचे आणि दोघं कोर्टासमोरच्या लिंबाखाली बसायची. पट्टेवाल्याने नाव पुकारलं तर आत जायचं, नाही पुकारलं तर पुढची तारीख विचारून परत. बहुतेक वेळा पुढची तारीखच.

तिथेच सरांना ते चित्र सुचलं. खरं म्हणजे सुचलं वगैरे काही नाही, बसून बसून दुसरं करणार काय? समोर बसलेल्या लोकांचे पाय ते काढू लागले. पायतानं काढून ठेवलेले पाय, एकमेकांवर टाकलेले पाय, मातीत अंगठ्याने रेघा मारणारे पाय. मग हात. वर्षभरात कागदांचा ढीग झाला. मग त्यांनी शाळेच्या मोडक्या बाकांच्या फळ्यांची चौकट केली, तिच्यावर मांजरपाट ताणला आणि घरात जमिनीवर आडवं घालून मोठं चित्र काढायला घेतलं. दोन दारं शेजारी शेजारी उभी केली तर होईल एवढं. लिंबाचं झाड, त्याखाली तारखेला आलेली बारा-पंधरा माणसं, आणि मधोमध आक्का. एक गुडघा उभा, त्यावर कोपर, हातात पदराचं टोक. तिच्या बाजूला थोडं पुढे एक माणूस, हाताच्या वाकात छत्री अडकवलेला, तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभा. अंगं सगळी पुरी झाली होती, तोंडं तेवढी राहिली होती.

"आक्काचं तोंड पयलं काढणार हे," ते मला म्हणाले. "पुढच्या तारखेला तिला समोर बसवतो. बाकीचे मंग."

पुढची तारीख यायच्या आधी त्यांनी कापडाला उजेड लागावा म्हणून चित्र अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं. अंगण बसस्टँडकडून कोर्टाकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. त्याच सकाळी साहेबराव त्याच्या वकिलाला भेटायला एस.टी.तून उतरला आणि तिथून निघाला. चित्रासमोर तो थांबला. मी तेव्हा सरांकडे चहाला बसलेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी बघितलंय.

"हा मीच हे," साहेबराव म्हणाला.

"कोण, पाव्हणं?"

"हा छत्रीवाला! ती गयाबाई बसलेली आन् मी तिच्याकडं पाठ करून उभा. माझी बदनामी करून राह्यला तू!"

"आवो, तो वाटूरचा कोणी पाव्हणा होता. गाडी चुकली म्हणून झाडाखाली उभा ऱ्हायला, मी काढून घेतला. आन् त्याला अजून तोंड बी न्हाई."

"तोंड न्हाई म्हणूनच! मुद्दाम लपवलं तू. साऱ्या अंबडला कळन हा कोण हे ते."

आता सांगा, यावर काय बोलणार? सरांचे खांदे हलायला लागले, आणि तेच वाईट झालं. साहेबराव तिथून तडक वकिलाकडे गेला. अब्रूनुकसानीची फिर्याद पडली. आरोपी मुरलीधर सर, आणि पुरावा म्हणजे ते चित्र. कोर्टाने हुकूम केला, चित्र हजर करा.

हातगाडीवर आडवं घालून, वर चादर टाकून आम्ही ते कोर्टात नेलं. दाराच्या आत लगेच लाकडी कठडा होता, तिथे ते वळेना. उभं, आडवं, तिरपं, सगळं करून बघितलं. शेवटी व्हरांड्यात ठेवलं आणि न्यायाधीश साहेब उठून बाहेर आले. तारखेला आलेली सगळी माणसं भोवती गोळा झाली. "हे माझं जोडं हे," "ही आपली काठी बघ," असं चालू झालं. साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं, चष्मा लावून चित्र नीट बघितलं आणि विचारलं, "हे असं अर्धवट का?" सर म्हणाले, "साहेब, मी पुरं करायलोच होतो तेवढ्यात तुम्ही बोलावलं." साहेब आत गेले आणि चित्र मुद्देमाल म्हणून ठेवून घ्यायचा हुकूम झाला.

मुद्देमालाच्या खोलीत कुऱ्हाडी, सायकली, कसल्या कसल्या बाटल्या आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकवलेलं ते चित्र. सर दर आठवड्याला जाऊन त्या खोलीच्या खिडकीतून बघून यायचे. पावसाळ्यात भिंतीला ओल आली तेव्हा ते फार कासावीस झाले. आमच्या वकीलसाहेबांनी अर्ज केला आणि बऱ्याच तारखांनंतर चित्र सुपूर्तनाम्यावर परत मिळालं. म्हणजे वस्तू तुमच्या घरी, पण ताबा कोर्टाचा. सरांनी लिहून द्यायचं की सदर चित्र आहे त्या स्थितीत ठेवीन, त्यात फेरफार करणार नाही, विकणार नाही, कुणाला दाखवणार नाही, त्याची नक्कल काढणार नाही, कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन. जामीनदार म्हणून खाली माझी सही. सही करताना मला आपण काहीतरी चांगलं काम करतोय असंच वाटलं. आहे त्या स्थितीत या तीन शब्दांत आम्ही तिघं जण अडकलो, हे कळायला वेळ लागला.

सरांचं घर म्हणजे एक खोली आणि पडवी. खोलीची एक भिंत चित्राने अडवली. त्यावर चादर. झोपायची खाट तिच्यासमोर. सकाळी डोळा उघडला की समोर चादर. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता, विसरून गेला असता. त्यांना जमलं नाही. रंगाच्या बाटल्या तिथेच, ब्रश तिथेच, आणि हात लावायची मुभा नाही. मी एकदा म्हटलं, "सर, दुसरं काढा ना आक्कांचं. साधं, एकटीचं." ते म्हणाले, "काढली ना ढीगभर. त्यांच्यात ती कोणाची बी आक्का वाटते. ह्या झाडाखाली बसलेली ही एकच हे." आणि मुख्य म्हणजे खुद्द आक्कालाच ते हवं होतं. तारखेला आली की कोर्टातून ती सरांकडे यायची, चादर बाजूला सारायची, चित्रातल्या आपल्या अंगासमोर तसाच गुडघा उभा करून बसायची आणि चहा प्यायची.

"कोर्टातले समदे कागदं माझ्याबद्दल बोलतेत," ती एकदा म्हणाली. "मयताची बायको, वादी, अमकी, ढमकी. मला कुणी बघितलंच न्हाई. तेवढं तोंड दे रे बाबा मला तिथं. बसले व्हते ती मी व्हते, हे दिसू दे."

मला राहवेना. मी म्हटलं, "सर, लावा हात. काय व्हायचं ते माझं होऊ द्या." ते माझ्याकडे रागाने बघत म्हणाले, "बिलकुल न्हाई. तुमची नोकरी हे, लेकरं हेत. मी ब्रश लावायचा आन् तुम्ही साहेबापुढं हात जोडायचे?" त्यावर आक्काही म्हणाली, "ह्या सरांना कामून अडकवायचं? मी थांबते." थांबणं तिला पाठ होतं.

मग सरांनी रीतसर परवानगी मागायचं ठरवलं. चित्रातल्या एका स्त्रीचा चेहरा पूर्ण करू द्यावा, बाकी कशालाही हात लावणार नाही, असा अर्ज. कोर्टाने समोरच्या बाजूला आपलं म्हणणं द्यायला सांगितलं. म्हणणं यायला वर्ष गेलं. आलं ते असं की, बाईला तोंड दिलं तर ती गयाबाई आहे हे सिद्ध होईल आणि मग शेजारचा माणूस म्हणजे आमचे पक्षकार हे आपोआपच ठरेल, सबब अर्ज फेटाळावा. आमचे वकील चिडून म्हणाले, "अहो, तुमचीच फिर्याद म्हणते की तो तुमचा पक्षकार आहे!" समोरचे म्हणाले, "फिर्यादीत आम्ही म्हणतो, चित्राने म्हणू नये." यावर साहेबांनी बराच विचार केला. मग त्यांची बदली झाली. नवीन साहेबांनी पहिल्यापासून ऐकलं आणि मुद्देमालाचं स्वरूप बदलेल म्हणून अर्ज फेटाळला. त्या दिवशी सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कानावरची पेन्सिल पडली. उचलायला ते वाकले नाहीत.

फिर्यादीचा उलटतपास झाला तेव्हा मात्र मजा आली. चित्र परत हातगाडीवरून आणलं होतं.

"तोंड नसताना स्वतःला ओळखलं कसं?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"छत्रीवरून. आन् उभं ऱ्हायच्या ढबीवरून."

"छत्री तर साऱ्या तालुक्याकडे आहे. ढब कोणती?"

"पाठ करून उभं ऱ्हायची."

"म्हणजे भावजय बसलेली असताना तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे राहता, हे तुम्हीच सांगताय?"

साहेबराव घाम पुसत राहिला. कोर्टात हशा पिकला, व्हरांड्यातले लोकसुद्धा हसले. मला तेव्हा जरा वाईट वाटलं त्याचं. बिनतोंडाच्या माणसात ज्याला आपण दिसतो, त्याला रात्री झोप येत नसणार. पण असा अपमान झाल्यावर माणूस माघार घेत नाही, अधिकच हट्टाला पेटतो. तडजोडीचं बोलणं त्याने कायमचं बंद केलं आणि फिर्याद पुढे रेटत राहिला.

नव्वदच्या पुढे सरांचा एक जुना विद्यार्थी औरंगाबादला चित्रकार झाला होता, त्याने तिथल्या प्रदर्शनात सरांना जागा मिळवून दिली. चित्र तर दाखवता येत नव्हतं. सरांनी मग तेवढीच मोठी रिकामी चौकट नेली आणि तिच्यात मांजरपाट ताणून, त्यावर सुपूर्तनाम्यातला मजकूर आपल्या सुंदर अक्षरात ब्रशने लिहिला. सदर चित्र आहे त्या स्थितीत ठेवीन. फेरफार करणार नाही. दाखवणार नाही. खाली बुटक्या अक्षरांत जामीनदार म्हणून माझं नाव. लोक अर्धा अर्धा तास उभे. मोठ्या भिंगाचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी सरांना विचारलं, "तुमच्या कामात कला आणि कायदा यांचा जो संवाद आहे, त्याबद्दल सांगाल का?" सर म्हणाले, "संवाद कुठला बाई. तो बोलतो, मी सही करतो." बाईंनी ते लिहून घेतलं.

तिथून सरांचं नाव झालं. मुंबईहून, भोपाळहून बोलावणी येऊ लागली. सर कोर्टाच्या तारखांवरच अशी कामं करू लागले. नुसत्या पुकाऱ्याचं एक चित्र, बंद दारासमोर उभ्या पाठींचं एक, अंगठ्याच्या ठशांनी भरलेलं एक. कायद्याचा चित्रकार म्हणून त्यांना लोक ओळखू लागले. कार्यक्रमाला बोलावलं की ते म्हणायचे, "त्या दिवशी माझी तारीख हे." शहरातल्या लोकांना वाटे, हाही त्यांच्या कलेचाच भाग. टाळ्या पडायच्या. सर घरी येऊन खाटेवर बसायचे आणि चादरीकडे बघायचे. मला म्हणायचे, "सर, मी अडकलो तेच लोकांना आवडायलं. सुटलो तर कोण बोलावणार?" हे ते हसत म्हणायचे, पण खांदे हलत नसत.

एकदा मुंबईचे एक जाणकार गृहस्थ अंबडला आले. खादीचा झब्बा, पिकलेली दाढी, बोलणं मऊ. त्यांना मूळ चित्र बघायचं होतं. सर म्हणाले, "दाखवायची मनाई हे. तरी मी खिडकी उघडतो. वाऱ्यानं चादर सरकली तर त्याला माझा विलाज न्हाई." वारा होता. चादर सरकली. ते गृहस्थ चित्रासमोर उभे राहिले ते उभेच. त्या दिवशी तारीख होती म्हणून आक्काही आली होती, पडवीत चहा करत होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मुरलीधरजी, केस सुटली तरी याला हात लावू नका. ही बिनचेहऱ्याची बाई म्हणजे न्यायाची वाट बघणारी अवघी माणसं आहेत. चेहरा काढलात तर हे एक साधं चित्र होईल. असंच राहू द्या, संग्रहालय आनंदानं घेईल." सरांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना ते पटलंही असावं, आणि पटलं याचाच त्रास झाला.

पाहुणे गेल्यावर आक्काने विचारलं, "काय म्हणले रे ते?"

"म्हणले, चांगलं हे."

"मी बहिरी न्हाई," आक्का म्हणाली. "मला तोंड न्हाई, तेच चांगलं हे म्हणले ना? कोर्ट बी तेच म्हणून राह्यलं. तुमच्या साऱ्यांचं एकच झालं की मंग."

त्यानंतर बरेच दिवस ती तारखेला आली तरी सरांकडे आली नाही. झाडाखालूनच परस्पर एस.टी.ला जायची. जमिनीचा निकाल त्या मधल्या काळात तिच्या बाजूने लागला होता, पण साहेबरावाने वर अपील केलं आणि जमीन जिथल्या तिथे राहिली. सर निवृत्त झाले. पेन्शनच्या दिवशी भेटत. केस पांढरे झाले, पाठ वाकली. चित्र काढताना हात थरथरायचा नाही, एवढंच काय ते बरं. मी एकदा त्यांना विचारलं की केस सुटली तर काय करणार. "त्या मुंबईच्या साहेबाचं खरं हे, सर," ते म्हणाले. "आन् आक्काचं बी. रोज सकाळी उठून दोघांचं बराबर वाटतं. कोर्टाची मनाई हे म्हणून बरं, मला ठरवावं लागत न्हाई." त्यांच्या तोंडून एवढं हताश वाक्य मी दुसरं ऐकलं नाही.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाल्यावर साहेबरावाला अर्धांगवायू झाला. तो तारखांना येईना. त्याच्या मुलांना अपिलाशी मतलब होता, बापाच्या अब्रूशी नव्हता. एका तारखेला पट्टेवाल्याने फिर्यादीचं नाव पुकारलं, कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. न्यायाधीश आता एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद चाळले, फिर्यादी गैरहजर म्हणून आरोपीला निर्दोष सोडलं, सुपूर्तनामा रद्द केला आणि पुढचं प्रकरण घेतलं. आम्ही बाहेर येऊन लिंबाखाली उभे राहिलो. मला पेढे आणावेसे वाटत होते. सर म्हणाले, "आता पुढची तारीख कोणती?" मी म्हटलं, "सर, संपलं." ते म्हणाले, "हां. संपलं." आणि तिथेच उभे राहिले.

मी आक्काला निरोप पाठवला. सरांनी पाठवला असता की नाही, मला शंका आहे. ती आली. सत्तरीकडे झुकलेली, डोईवर पांढरे केस, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, समोरचे दात गेलेले. काठी टेकत आत आली आणि चादर ओढून काढली. चित्रात ती चाळिशीची होती. ताठ पाठ, भरलेला दंड, कानामागून उतरलेली काळीभोर बट. मानेच्या वर मातकट गोळा. ती समोर बसली. गुडघा उभा व्हायला वेळ लागला, मी हात दिला.

सरांनी रंग काढून ठेवले होते. ब्रश हातात घेतला आणि तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "सर, कोणाला विचारू?"

"कशाचं?"

"हात लावायचं."

आक्का म्हणाली, "मी सांगते ना. लाव."

सर जवळ गेले आणि पुन्हा मागे आले. "आक्का, तुझं त्या वेळचं तोंड मला आठवतं. जुने कागद बी हेत. तसंच काढतो, बराबर बसन अंगावर."

"न्हाई. आत्ताचं काढ."

"आगं, हात तरणे, केस काळे आन् तोंड असं? लोकं म्हणतील, मास्तरला जमलं न्हाई."

"म्हणू दे. ज्याला कळायचं त्याला कळन, बाई हितं बसून म्हातारी झाली."

सरांनी खाली बघितलं. डोळे पुसले, शर्टाच्या बाहीलाच पुसले, आणि मातकट गोळ्यावर कपाळाची पहिली रेघ ओढली. मी दाराजवळ बसून होतो. इतक्या वर्षांत त्यांना तोंड काढताना मी कधी एवढं हळू बघितलं नव्हतं. एक डोळा मिटून ते तिचं माप घेत, मग आपली पेन्सिल खाली घेत आणि नुसतेच तिच्याकडे बघत राहत. दुपार झाली. मला जालन्याची गाडी गाठायची होती, मुलाकडे राहायला गेल्यापासून अंबडला येणं मुक्कामाचं राहिलं नव्हतं. मी उठलो तेव्हा एक गाल आणि सुरकुतलेल्या पापणीचा एक डोळा झाला होता, आणि तो डोळा त्या तरण्या खांद्यावरून सरळ माझ्याकडे बघत होता.

"आक्का, पाय आवघडला आसन तर हल जरा," सर म्हणाले.

"तुझं होऊ दे," ती म्हणाली. "येवढी बसले, आजून थोडी बसते."